आता कोणाच्या घरी?

मायच्या पदराला आपल्या ओढणीची गाठ मारून दामिनीनं सगळं कोकण फिरून घेतलं, आणि नेमकी नको तिथंच ती गाठ सोडली. सोडली तीही कशासाठी, तर फोनसाठी. आग लागो त्या फोनला.

गाठ मारायची पाळी का आली, तेही सांगायला हवं. पार्बताबाई म्हणजे दामिनीची माय. अकोटच्या बाहेर त्यांचा फुलमळा. शेवंती, झेंडू, निशिगंध. उभ्या जन्मात बाईनं एवढे हार ओवले की अकोल्याच्या बाजारातले फुलवाले तिच्या हाताचा हार गाठीवरून ओळखायचे. आणि अशी बाई विसरायला लागली. आधी भाजीतलं मीठ विसरली, मग नातवंडांची नावं, मग घरच. एकदा अकोटच्या एसटी स्टँडवर सापडली, एकदा पार अकोल्याला धान्यबाजारात पोत्यावर बसलेली. डॉक्टरनं डोक्याचा फोटो काढला आणि हे असंच वाढत जाणार म्हणून सांगितलं. औषधानं थांबणार नाही, हेही सांगितलं.

आधी मुलगा मनोज आणि त्याची बायको प्रतीक्षा यांनी सांभाळलं. मनापासून सांभाळलं, उगाच कोणाला दोष द्यायचं कारण नाही. पण एका दुपारी मायनं गॅस चालू ठेवला आणि काडी शोधत घरभर फिरत राहिली. त्या दिवशी घर वाचलं ते नशिबानं. मग दामिनीनं तिला आपल्या घरी, चांदूर रेल्वेला आणलं. तिथं दामिनीची सासू लीलाबाई अर्ध्या अंगानं अंथरुणाला खिळलेली. दोन खोल्यांत दोन म्हाताऱ्या. एक हलेना आणि दुसरी एका जागी थांबेना. महिनाभरात लीलाबाईनं अन्न सोडलं. ही राहील नाहीतर मी राहीन, म्हणाली. दामिनीचा नवरा नितेश तसा गरीब माणूस, तो म्हणाला, तू म्हणशील तसं, आणि दुकानात निघून गेला. असं बोलून निघून जाणाऱ्या माणसाचा राग धरावा तरी कसा धरावा?

शेवटी बहीणभावानं ठरवलं. अमरावतीला अशा म्हाताऱ्यांना ठेवतात ती एक जागा पाहिली. स्वच्छ होती, आवार होतं, फाटकाला कुलूप होतं. खाट रिकामी झाली, सोमवारी आणून सोडा, असा निरोप आला. दामिनी त्या रात्री मोरीत नळ सोडून रडली. आणि सकाळी तिनं मनोजला फोन करून सांगितलं की सोमवारच्या आधी मायला समुद्रातला महादेव दाखवून आणते.

तो महादेव म्हणजे तिच्या बापाचं, खुशालरावांचं राहून गेलेलं काम. ते तरुणपणी भजनी मंडळाबरोबर कोकणात गेले होते आणि तिथल्या एका गावात त्यांनी कातळात कोरलेली देवळं पाहिली होती. परत आल्यावर वर्षानुवर्षं त्यांचं तेच पुराण. वीट नाही, चुना नाही, अख्खा डोंगर आतून कोरून काढला अन् आत महादेव बसवला. त्यातला एक तर पार पाण्याशी, समुद्र येऊन त्याचे पाय धुतो. पार्बते, तुले नेतोच. दरवर्षी कापूस निघाला की नेणार होते. मग ते गेले. मायच्या डोक्यातून सगळं वाहून गेलं, नवऱ्याचं तोंडसुद्धा, पण ते वाक्य कसं कोण जाणे अडकून राहिलं. दिवसातून कितीतरी वेळा ती कोणालाही धरून म्हणायची, मले थ्या दर्यातल्या महादेवाले ने.

म्हणून अकोल्याहून निघणाऱ्या दर्शन-सहलीच्या बसमध्ये दोघी बसल्या. बसभर अकोट-तेल्हाऱ्याकडची मंडळी. सहल काढणारा शिवम नावाचा पोरगा, दिवसभर शिट्टी वाजवत माणसं गोळा करणारा. पदराला ओढणीची गाठ बघून बाया आधी हसल्या, मग गप्प झाल्या. वाटेत मनोजचे फोन येत होते. आधार कार्ड सोबत घे, तिचे दोन लुगडे वेगळे काढून ठेव, सोमवारी परस्पर अमरावतीला उतर, मी तिथंच येतो. मायच्या शेजारी बसून, मायच्या डोक्यावरून ही सगळी बोलणी. तिला काय समजतंय, असंच दोघं धरून चालले होते. खिडकीतून बाहेर बघणाऱ्या माणसाला कान नसतात असं यांना कोणी सांगितलं होतं, देव जाणे.

शनिवारी सकाळी बस त्या गावात पोचली. नारळीच्या वाडीतून उतरलं की डाव्या हाताला कातळाचा डोंगर, आणि त्यात वरच्या अंगाला दोन देवळं कोरलेली. खांब, उंबरे, छताची कमळं, सगळं एकाच दगडातून काढलेलं. मंडळी आ वासून बघत राहिली. तिसरं देऊळ खाली, समुद्राच्या बाजूला. वाळूचा पट्टा ओलांडून पलीकडच्या खडकात. तिथं ओहोटीलाच जाता येतं. देवळाचे गुरव काका सगळ्यांना बजावत होते की आज पुनव आहे, भरती मोठी, बायांनो खाली रेंगाळू नका. मंडळी भराभर जाऊन आली. दामिनी मात्र मायच्या चालीनं मागं राहिली. परतणाऱ्या बाया म्हणाल्या, लवकर ये वं, वर जेवणाची पंगत बसते. येतो म्हणाली.

तिनं पाणी पाहिलं होतं बरं, पाहिलं नाही असं नाही. पण वऱ्हाडी माणूस पाणी बघतो ते नदीचं. मायचं माहेर पूर्णेकाठचं, दामिनीच्या सगळ्या सुट्ट्या तिथं गेलेल्या. पूर्णा चढते तेव्हा आधी सातपुड्यावर ढग दाटतात, पाणी गढूळ होतं, फेस येतो, काटक्या-ओंडके वाहत येतात, लांबून घों घों ऐकू येतं. लहान पोरंही गुरं वर काढतात. आणि एकदा ओसरली की गेली, पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिचं नाव नको. इथं आभाळ लख्ख होतं, पाणी निळं होतं आणि लांब होतं. मग चढेल कशाला? दोघींनी नदीकाठी काढतात तशा वाळूवर चपला काढल्या, शेजारी शेजारी नीट ठेवल्या आणि अनवाणी महादेवाकडे गेल्या.

देऊळ बुटकं होतं. चार पायऱ्या, दोन जाडजूड खांब, पुढं नाकतोंड झिजलेला नंदी, आत काळोखात पिंड. पिंडीच्या मागून प्रदक्षिणेची अरुंद वाट कोरलेली, एक माणूस जेमतेम जाईल एवढी. भिंतीतून खारं पाणी ठिबकत होतं. आणि उजव्या भिंतीवर शंकर-पार्वती शेजारी शेजारी बसलेले, दगडातून अर्धे बाहेर आलेले. माय त्यांच्यापुढं थांबली, हात लावून बघितलं, आणि कितीतरी महिन्यांनी तिच्या तोंडावर ओळख उमटली.

"भुलाबाई व्हय," ती म्हणाली. "अन् हा भुलोबा."

वऱ्हाडात भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी मातीचे असेच शंकर-पार्वती मांडतात. रोज संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणायची, आणि गाणी संपली की त्या घरची बाई झाकलेला डबा घेऊन येते. डबा कानाशी वाजवायचा. गोड का खारं, मऊ का कडक, विचारत विचारत पोरींनी आतला खाऊ ओळखायचा. ओळखला तरच झाकण उघडतं, आणि ओळखणारीला पहिला घास. मग पुढचं घर. या ओळखण्यात लहानग्या पार्बताचा हात धरणारं अख्ख्या पूर्णेकाठी कोणी नव्हतं म्हणे. बाया डब्यात फडकं कोंबायच्या, आवाज होऊ नये म्हणून खाऊ पानात गुंडाळायच्या, तरी ही पोरगी ओळखायचीच. मग तिची मैत्रीण कौशी चिडायची आणि दोघी भांडत भांडत पुढच्या घरी जायच्या. हे सगळं मायनं दामिनीला किती वेळा सांगितलं होतं, तेव्हा दामिनीला कंटाळा यायचा.

मायला तिनं भुलाबाईपुढं दगडी ओट्यावर बसवलं. थंडगार होतं, मायचा जीव शांत दिसत होता. तेवढ्यात फोन वाजला, मनोजच. आत धड ऐकू येईना म्हणून ती देवळातच मोठ्यानं बोलली, हो रे, सोमवारीच सोडायची आहे, बदललं नाही काही. तो काय म्हणतोय ते कळेना. मग तिनं मायच्या पदराची गाठ सोडली, माय, इथंच बस हं, हललीस तर बघ, म्हणाली आणि बाहेर वाळूवर गेली.

बोलणं लांबलं. असल्या फोनवर कधी थोडक्यात बोलणं होत नाही. मनोज म्हणाला, कागदावर सही तू कर, मोठी तू आहेस. दामिनी म्हणाली, मुलगा तू आहेस, सही तू कर. मायच्या नावापुढं आपलं नाव त्या कागदावर कोणालाच नको होतं. बोलता बोलता ती रेंज शोधत वर वर सरकत गेली, नारळांपर्यंत. ती रडली, तो रडला, मग तो चिडला, मग फोन तुटला. डोळे पुसून ती वळली तर तिला चपला दिसल्या नाहीत.

चपला नव्हत्या, कारण ती वाळूच नव्हती. जिथून दोघी चालत गेल्या होत्या तिथं पाणी होतं. गढूळ नाही, फेसाळ नाही, आवाज नाही, नुसतं गुमान चढलेलं पाणी. पलीकडे देवळाची खालची पायरी दिसत नव्हती.

दामिनी पाण्यात घुसली. आधी घोट्याला, मग गुडघ्याला, मग मांडीला. नदीचं पाणी एकीकडे ओढतं. हे मेलं पुढं ढकली आणि मागं ओढी. एकदा पडली, हातातला फोन गेला, खारं पाणी नाकातोंडात गेलं. खडकाला हात लागले तेव्हा तळवे फाटले होते. पायऱ्या चढून आत आली. ओटा रिकामा होता.

नंदीच्या मागं पाहिलं, खांबामागं पाहिलं. माय पाण्यात गेली, असंच वाटलं तिला. आपण हातानं गाठ सोडली आणि माय गेली. मग पिंडीच्या मागून, त्या प्रदक्षिणेच्या वाटेतून कोणी नाक ओढल्याचा आवाज आला. दामिनी वाकून बघायला लागली. अंधारात, वाटेच्या पार मधोमध, माय गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"माय, चाल. पाणी येऊन राहिलं. चाल लवकर."

"कोन व्हय तू? मी नाई येत."

दामिनी आडवी होऊन आत सरकली, तिनं मायचा हात धरला. मायनं तो हात कडकडून चावला. हार ओवणारी बोटं तिची, पण पकड अजून मळ्यातल्या बाईची होती. कोरलेल्या दगडाच्या खाचेत तिनं बोटं रुतवली आणि सोडेना. ओढावं तर म्हातारीचं हाड मोडेल. दामिनीनं विनवलं, दटावलं, बाबांचं नाव काढलं, मनोजचं नाव काढलं. प्रत्येक नावाला माय आणखी आत सरकत होती. दामिनी बाहेर पायरीवर आली आणि डोंगराकडे तोंड करून ओरडली. वर पंगत बसली असणार, पत्रावळी मांडल्या असणार, शिवम शिट्टी वाजवत वाढप करत असणार. समुद्र तिचा आवाज तिथंच गिळत होता. ती घसा फुटेपर्यंत ओरडली. वर कोणी दिसलं नाही.

परत आत आली तेव्हा तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. मघाशी दिसली होती, पण तेव्हा तिनं ती पाहिली नव्हती: भिंतीवर चहूबाजूंनी एक रेघ होती. रेघेच्या वर दगड कोरडा, खाली शेवाळ आणि शिंपल्यांची बारीक कवचं चिकटलेली. ती रेघ भुलाबाईच्या गळ्याशी होती, म्हणजे उभ्या दामिनीच्या खांद्याला. बसलेल्या मायच्या तर डोक्यावरून. महादेवाचे पाय धुतो म्हणे समुद्र. बाबा, तुम्ही ओहोटीला येऊन गेलात हो.

पाणी उंबऱ्यावरून आत आलं, पिंडीभोवती फिरलं. दामिनी ओट्यावर जाऊन बसली. आणि तेव्हा तिच्या मनात तो विचार आला. येऊ दे पाणी. सुटेल बिचारी. तिचाच महादेव आहे, तिनंच मागितला होता. फाटकाचं कुलूप नाही, सही नाही, सोमवारच नाही. कोणी काही म्हणणार नाही, समुद्र होता म्हणतील. आपणही सुटू.

किती वेळ तो विचार तिच्यापाशी बसला होता हे तिचं तिलाच ठाऊक. पण आला होता, आणि तिनं त्याला लगेच हाकललं नाही, हेही खरंच. मग तो तिला कळला, आणि ती स्वतःच्याच तोंडात मारत सुटली. मेले, तुझी माय आहे ती, मेले. आतून मायचा बारीक रडण्याचा आवाज येत होता, हरवलेलं लेकरू रडतं तसा.

गळ्यातली पिशवी अजून गळ्यातच होती. आत मायचा जुना ॲल्युमिनियमचा डबा, घट्ट झाकणाचा. माय हल्ली जेवत नसे पण हातात डबा दिला की त्यातलं मूठ मूठ खाई, म्हणून दामिनी तो सोबत ठेवी. दामिनीनं डबा काढला. पिशवीतून काढतानाच तो वाजला. आतलं रडणं थांबलं.

दामिनी वाटेच्या तोंडाशी गेली. मग तिनं डबा मुद्दाम वाजवला, कानाशी धरून, भुलाबाईपुढं वाजवतात तसा. काही नाही. पाणी पोटरीला लागलं. तिनं पुन्हा वाजवला.

"गोड का खारं?" अंधारातून आवाज आला.

दामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज तिनं सरळ ठेवला. "थोडं गोड, थोडं खारं."

"मऊ का कडक?"

"दोन्ही हाय."

"वाजव बरं आणखी. इतक्या दुरून कसं ऐकू येईन?"

"मंग जवळ ये ना."

खरडल्याचा आवाज झाला. माय बसल्या बसल्या पुढं सरकत होती. दामिनी डबा वाजवत मागं सरली, एक वीत, मग आणखी एक. माय मधेच थांबायची, कान द्यायची, विचारायची, तेलात तळलं का भट्टीत भाजलं, आणि दामिनी उत्तर द्यायची. पाणी गुडघ्यावर आलं होतं. घाई करून भागत नव्हतं, ओढून तर नाहीच नाही. खेळ खेळासारखा खेळावा लागत होता आणि तिचं काळीज फुटायच्या बेतात होतं. शेवटी वाटेच्या तोंडाशी मायचं तोंड दिसलं, पांढरे केस ओले झालेले, डोळे चमकणारे.

"फुटाने," माय म्हणाली. "अन् गुळाचा एकच खडा हाय. कंजूस बाईचं घर दिसते."

"बरोबर. जितली तू."

"पयला घास माहा हं, कौशे. मंग रडू नोको."

कौशी. मघापासून आपण कोण आहोत ते दामिनीला आता कळलं. तिनं डब्याचं झाकण उघडलं, मायनं मूठ भरली, तोंडात टाकली आणि चावत चावत उभी राहिली. पाणी तिच्या मांडीला होतं, तिकडे तिचं लक्षच नव्हतं. दामिनीनं तिच्या दंडाला धरलं, पदराचं टोक शोधलं, ओढणी शोधली.

"बाकीच्या पोट्ट्या कुठी गेल्या?" मायनं विचारलं.

"समोर गेल्या."

"मंग आता कोनाच्या घरी?"

दामिनीला वाटलं, आता जमलं. ती म्हणाली, "आता दामिनीच्या घरी."

मायनं हात झटकला. दोन पावलं मागं गेली, पिंडीला पाठ लागेपर्यंत.

"तिच्या घरी नाई येत मी," ती म्हणाली. आवाज पोरीचा राहिला नव्हता, म्हातारीचा झाला होता, आणि अगदी शुद्धीवरचा. "थे मले अमरावतीले ठेवून देनार हाय. फोनात सांगत होती. सोमवारी. मनून त मी इथं लपली. महादेवाले सांगतलं, मले ठेवून घे."

पाणी दोघींच्या मध्ये वर चढत होतं.

"तिची चूक नाई वं," माय पुढं म्हणाली, कौशीला समजावून सांगितल्यासारखं. "मी गॅस चालू ठेवतो. रात्री झोपू देत नाई तिले. पोरगी वाळून गेली माही. पन मले भेव वाटते, कौशे. तिथं माह्या ओळखीचं कोनीच नाई."

एवढं सगळं समजत होतं. बसमधलं, फोनवरचं, लुगड्यांचं, आधार कार्डाचं, सगळं. समुद्राचा तो गार घोट पुन्हा एकदा नाकातोंडात गेल्यासारखं दामिनीला झालं. तिला मायच्या पायावर पडावंसं वाटलं, पण पाय पाण्याखाली होते.

"मंग कोनाच्या घरी जाऊ?" तिनं कसंबसं विचारलं.

मायनं विचार केला. चेहऱ्यावरचं म्हातारपण हळूहळू उतरलं.

"तुह्या घरी चाल ना," ती म्हणाली. "तुही माय मले कदी नाई म्हनत नाई."

"चाल," दामिनी म्हणाली.

तिनं गाठ मारली, एकावर एक तीन वेढे देऊन. बाहेर पाणी छातीच्या वर होतं. पलीकडे माणसं दिसली. गुरव काका, शिवम आणि गावातले दोघं दोर घेऊन पाण्यात उतरत होते. एक चप्पल वाहत जाऊन काठावरच्या पायरीला लागली होती, ती गुरवांनी पाहिली होती. त्यांनी दोर फेकला. मधोमध एक लाट दोघींच्या डोक्यावरून गेली, मायनं दामिनीच्या गळ्याला मिठी मारली, आणि ती मिठी काठावर येईपर्यंत सुटली नाही.

काठावर गुरव काका खूप बोलले. भरती म्हणजे काय तुमच्याकडे माहीत नाही का, म्हणाले. दामिनी नाही म्हणाली. शिवमनं शाली आणल्या, बायांनी मायचे तळपाय चोळले. शिवमच्या फोनवर मनोजचा फोन आला. ताईचा फोन लागत नाही, काय झालं, सोमवारचं नक्की ना? दामिनीनं फोन कानाला लावला आणि सांगितलं की माय अमरावतीला उतरणार नाही. मग कुठं ठेवणार, तो विचारत होता. ते तिलाही माहीत नव्हतं. लीलाबाईचं तोंड तिच्या डोळ्यापुढं आलं, दोन खोल्या आल्या, नितेश दुकानात जाताना दिसला. आठ दिवसांत आपण पुन्हा मोरीत नळ सोडून रडणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कदाचित महिन्याभरानं पुन्हा त्याच फाटकाशी उभं राहावं लागेल. काही सुटलं नव्हतं. शब्द तेवढा दिला होता, आणि तोही कौशीच्या नावानं. तिनं फोन शिवमच्या हातात दिला.

मागं वळून पाहिलं तर देवळापुढचा नंदी दिसत नव्हता, खांब अर्धे पाण्यात होते. माय मात्र तिकडे बघत नव्हती. ती शाल पांघरून, ओलाचिंब डबा मांडीवर धरून बसली होती आणि ओढणीची गाठ बोटांनी चाचपून बघत होती.

"कौशे, दूर हाय का तुहं घर?"

"हाय थोडं."

माय जवळ सरकली, इकडे तिकडे पाहिलं आणि तिच्या कानाशी लागली.

"दामिनीले सांगू नोको हं," ती म्हणाली.

"नाई सांगत," दामिनी म्हणाली, आणि दोघी बसकडे चालू लागल्या.